परभाषेतली शिवी मराठीत का बसत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्रेंच शिकणाऱ्या एकाने कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातली मालिका पाहिली. पात्रं चिडली की चर्चमधल्या पेटीचं आणि पेल्याचं नाव घेत होती, आणि खाली मराठी उपशीर्षकांत आपल्या नेहमीच्या शिव्या. हे भाषांतर चुकलं नाही का? जगात सगळीकडे शिव्या आईबहिणीवरूनच का नसतात? सर्वांत घाणेरड्या शिव्या कोणत्या भाषेत? आणि मराठीत हे सगळं ओटीटीने आणलं का?

मी उपशीर्षकं आणि डबिंगचे संवाद लिहिते. फ्रेंच आणि इंग्रजीवरून थेट, बाकी भाषांचं काम त्या भाषेच्या जाणकाराला शेजारी बसवून. त्यामुळे कोणती शिवी कुठे ठेवायची, कुठे गाळायची, कुठे सौम्य करायची हा विचार रोजच करावा लागतो. उत्तर त्याच बाजूने देते.

भाषांतर चुकलेलं नाही. शिवीचा अर्थ हा तिचा सर्वांत बिनमहत्त्वाचा भाग असतो. ती कोणी कोणाला दिली, कुठे दिली आणि ऐकणाऱ्याला किती झोंबली, एवढंच पडद्यावर पोचवायचं असतं. क्यूबेकमधला ट्रकचालक बोट दारात सापडल्यावर ‘ताबारनाक’ ओरडतो तेव्हा त्याच्या डोक्यात चर्च नसतं. आपण ‘आयला’ म्हणतो तेव्हा आपल्याही डोक्यात कोणाची आई नसते.

तरी हा शब्द आला कुठून ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून कळतं. ताबारनाक म्हणजे वेदीवरची लहान पेटी, जिच्यात अभिमंत्रित भाकर ठेवतात. ‘कालीस’ हा द्राक्षारसाचा पेला, ‘ओस्ती’ ही ती भाकर, ‘सिब्वार’ हे भाकर ठेवायचं भांडं. पूजेची सगळी भांडीकुंडी शिव्यांत आली आहेत. राग वाढला की ती एकाला एक जोडायची: ओस्ती द कालीस द ताबारनाक. त्यांची क्रियापदंही झाली आहेत. ‘कालिसे’ म्हणजे भिरकावून देणं. चारचौघांत तोंड सांभाळायचं असेल तर ‘ताबारनूश’ आहे, ‘कालीन’ आहे.

आता गंमत बघा. पॅरिसमध्येही फ्रेंचच बोलतात आणि चर्चही तेच कॅथलिक. पण पॅरिसच्या माणसाला ताबारनाक ऐकून हसू येतं. तिथे शिव्या विष्ठेवरून आणि वेश्येवरून. भाषा एक, धर्म एक, मग फरक कशाचा? सत्तेचा. १७६३ मध्ये हा मुलूख फ्रान्सच्या हातून ब्रिटिशांकडे गेला आणि फ्रेंच बोलणाऱ्यांची उरलेली मोठी संस्था म्हणजे चर्च. शाळा त्यांच्या, इस्पितळं त्यांची, जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी त्यांच्या वहीत. फ्रान्समध्ये मात्र १७८९ च्या क्रांतीनेच चर्चचा कणा मोडला. जो तुमच्या घरात, अंथरुणात, ताटात नाक खुपसतो त्याच्याच वस्तू रागात तोंडी येतात. १९६० च्या दशकात क्यूबेकच्या लोकांनी चर्चला शाळा-इस्पितळांतून बाजूला केलं, देवळं ओस पडली, पण शिव्या राहिल्या. २००६ मध्ये मॉन्ट्रियलच्या चर्चनेच मोठमोठे फलक लावून या शब्दांचे मूळ अर्थ लोकांना समजावून सांगितले. शिवी सगळ्यांना येत होती, ती वस्तू काय हे नव्या पिढीला माहीत नव्हतं.

म्हणून मी जर मराठीत ‘अरे पेटी! अरे पेला!’ असं लिहिलं असतं तर अर्थ शंभर टक्के बरोबर आणि प्रसंग पार बुडालेला. प्रेक्षक रडायच्या जागी हसला असता. तिथे मी ‘च्यायला’ लिहीन, ‘तिच्यायला’ लिहीन. बाप लेकाच्या अंगावर धावून जात असेल तर आणखी जड काहीतरी.

इथे मराठीतली एक सोय सांगायला हवी. आपल्याकडे आईवरच्या शिवीची शेपटी आणि डोकं कापून इतकी निरुपद्रवी पिल्लं तयार झाली आहेत की आयला, मायला, च्यायला, तिच्यामारी यांतून रागाची पायरी अचूक निवडता येते. लोक साक्षात आईसमोर ‘आयला’ म्हणतात आणि तीही ‘आयला, खरंच?’ म्हणून उत्तर देते. कोल्हापुराकडे जुना मित्र भेटल्यावर ‘काय रांडेच्या, होतास कुठं’ हे प्रेमाचं स्वागत आहे, आणि ते न मिळाल्यास माणूस नाराज होतो. कोकणात आजी नातवाला ‘मेल्या, जेवलास काय’ विचारते. हेच शब्द अनोळखी माणसाला एसटीच्या रांगेत म्हणून बघा. शब्दांत काही बदललेलं नाही, नातं बदललं.

आईबहिणीचं काय? जिथे घराण्याची अब्रू बाईच्या देहावर टांगलेली असते तिथे पुरुषाला दुखवायचा जवळचा रस्ता त्याच्या आईबहिणीवरून जातो. आपल्याकडे, तुर्कस्तानात, बाल्कन देशांत, रशियात, मेक्सिकोत हेच दिसेल. मेक्सिकन स्पॅनिशमध्ये तर आईवाचून पान हलत नाही: एखादी गोष्ट भारी असेल तरी आई, काडीचीही पर्वा नसेल तरी आई. रशियन शिव्यांना ‘मात’ म्हणतात. १ जुलै २०१४ पासून तिथे चित्रपटांत आणि नाटकांत त्यांच्यावर बंदी आहे आणि असे शब्द असलेली पुस्तकं बंद वेष्टनात, इशारा छापून विकावी लागतात. मराठीत आणायला त्या सोप्या, कारण दुखरी नस तीच. बाई म्हणून मला यातलं काही लिहायला आवडतं असं नाही. पण पात्राच्या तोंडून ते काढून घेतलं की तो माणूस आहे त्यापेक्षा सभ्य दिसतो, आणि मला ते खोटं वाटतं.

सगळीकडे मात्र तसं नाही. स्वीडिश लोक अजून सैतानावर आणि नरकावर भागवतात. फिन्निश भाषेतला ‘पेर्केले’ हा बहुतेक अभ्यासकांच्या मते मुळात मेघगर्जनेचा देव; ख्रिस्ती धर्म आल्यावर त्याचा सैतान झाला. डच लोक रोगांवरून शिव्या देतात: टायफस, क्षय, कॉलरा, देवी, प्लेग, आणि सर्वांत जड म्हणजे कर्करोग. आपल्याला विचित्र वाटेल, पण जुन्या खेडवळ तळतळाटात पटकी आणि मरी होत्याच की. फरक एवढा की आपल्याकडे तो शाप आहे, ‘तुला अमुक होवो’, आणि त्यासाठी कडाकडा बोटं मोडावी लागतात. डच माणूस बस चुकली तरी टायफसचं नाव घेतो.

शाप ही वेगळीच कला आहे. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिडिश भाषेत तिला तोड नाही: ‘तुझे सगळे दात पडोत, एकच राहो, ठणकायला.’ ‘कांद्यासारखा वाढ, डोकं मातीत.’ हे वाक्य मराठीत जसंच्या तसं उतरतं, कारण आपल्या बायकांच्या तोंडी ‘तुझा मुडदा बसवला’, ‘तुझ्या तोंडात माती पडो’ हे पूर्वापार आहे. शिवीने फसणाऱ्या भाषांतरकाराला शापात निवांत बसता येतं. शापात चित्र असतं, आणि चित्र सीमा ओलांडतं.

माझी सर्वांत जास्त अडचण होते ती इटालियन चित्रपटांत. तिथे ‘बेस्तेम्मिया’ नावाचा एक स्वतंत्र प्रकार आहे: देवाला डुक्कर, कुत्रा म्हणणं. साध्या लैंगिक शिव्यांकडे इटालियन कानाडोळा करतील, याकडे करणार नाहीत. कायद्याने तो १९९९ पर्यंत फौजदारी गुन्हा होता. आता ५१ ते ३०९ युरो दंड आहे. त्यातही १९९५ मध्ये घटना न्यायालयाने कलमाचा एक भाग काढून टाकला, त्यामुळे देवाला शिवी दिली तर दंड, संतांना किंवा मरियेला दिली तर नाही, अशी मजेशीर स्थिती आहे. २०१८ मध्ये उदिनेझे या फुटबॉल संघाच्या रोलांदो मांद्रागोराला एका सामन्याची बंदी झाली. मैदानात कोणाला लाथ मारली म्हणून नव्हे, तर गोलरक्षकाने चेंडू अडवल्यावर तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटला आणि कॅमेऱ्याने ओठ टिपले.

आता हे मराठीत आणायचं कसं? देवाला शिवी हा धक्का मराठी प्रेक्षकाला बसतच नाही. जनाबाईच्या नावावरचा ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ हा अभंग भजनात टाळ कुटत म्हटला जातो. त्यात पुढे विठ्ठलाची बायको विधवा झाली, त्याचं मढं गेलं, इथवर मजल जाते. जनाबाई चिडली आहे, हक्काच्या माणसावर चिडावं तशी, आणि माउलीला त्याचं वाईट वाटत नाही याची सगळ्यांना खात्री आहे. अशा प्रेक्षकापुढे ‘देव डुक्कर’ असं लिहिलं तर एक तर निरर्थक वाटेल, नाहीतर भलत्याच धर्माच्या लोकांच्या भावना दुखावतील. अशा वेळी मी शिवी सोडून देते आणि शेजारच्या पात्राचं दचकणं धरते. आजी क्रूस करते, त्यावर ‘जीभ झडेल तुझी!’ लिहिलं की काम झालं. प्रेक्षकाला कळतं की काहीतरी भयंकर बोललं गेलं.

जपानीत शिव्याच नाहीत, असं कौतुकाने सांगणारे पुष्कळ भेटतात. तसं काही नाही. ‘कुसो’ म्हणजे विष्ठा, आणि ती तिथेही आपल्यासारखीच वापरात आहे. पण खरी धार सर्वनामांत आणि क्रियापदांत आहे. समोरच्याला ‘कीसामा’ म्हटलं की हातघाई ठरलेली, आणि हा शब्द लिहिताना वापरतात ती अक्षरं आदराची आहेत. एके काळी तो मोठ्यांनाच वापरत. क्रियापदाला ‘यागारु’ जोडलं की साधं ‘तो आला’ हे ‘उलथला मेला’ होतं. इंग्रजी उपशीर्षककार इथे बिचारा फ-काराच्या शिव्या पेरत बसतो, कारण त्याच्याकडे ‘यू’ एकच. मराठीला त्याची गरज नाही. अहो-जाहो करणारा कारकून साहेबाला एकदम ‘ए, ऐक रे’ म्हणाला की थिएटर शांत होतं. ‘अरे’ला ‘का रे’ म्हणण्यातून डोकी फुटलेली गावं आपल्याला माहीत आहेत. उलट पुण्यात ‘आपण जरा जास्तच हुशार दिसता’ हे आदरार्थी बहुवचनात सांगून माणूस गारद करता येतो. हे दोन्ही टोकांचे अपमान मला जपानीसाठी फार उपयोगी पडतात.

धंद्यातल्या दोन गोष्टी पटकन. एक, वाचलेली शिवी ऐकलेल्या शिवीपेक्षा जड असते. कानाला पाच शिव्या सहज जातात. पडद्यावर पाच छापल्या की उपशीर्षक शिव्यांची लाखोली दिसतं. म्हणून तीनातली एक ठेवायची, पण ठेवायची ती पूर्ण, फुल्या न मारता. फुल्यांनी प्रेक्षकाचं लक्ष प्रसंगावरून उडतं आणि तो गाळलेल्या जागा भरत बसतो. दोन, डबिंगमध्ये ओठ आड येतात. इंग्रजीतल्या त्या प्रसिद्ध शब्दाला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि चेहरा जवळून दिसत असला की प्रेक्षक फसत नाही. तिथे ओठांवरचं अक्षर लागतं: फ, भ, ब, म. मराठीची कृपा अशी की भ-काराच्या शिव्यांचा साठा भरपूर आहे. २०१५ मध्ये सेन्सॉर बोर्डाने निषिद्ध शब्दांची यादी काढली होती. गाजावाजा झाल्यावर ती बाजूला पडली. अशा याद्यांचा मला राग येतो तो नैतिकतेमुळे नाही. यादीला ‘रांडेच्या’ कोल्हापुरातला की भांडणातला हे कळत नाही.

मात्र एक गोष्ट मी स्वतःहून लिहीत नाही: जातीचं नाव शिवी म्हणून. परदेशी चित्रपटात वर्णावरून शिवी आली की ‘आपल्याकडचं तसंच काहीतरी टाका’ असा आग्रह होतो, आणि सुचवणारा सहजपणे एखाद्या जातीचं नाव घेतो. जातिवाचक शिवीगाळ हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे तर झालंच. पण कायदा नसता तरी माझं उत्तर तेच असतं. आईवरची शिवी दिवसभरात हजारांना दिली जाते आणि विरून जाते. जातीवरची शिवी त्या एका माणसाला त्याची गावातली जागा दाखवते, आणि देणाऱ्याच्या मागे सगळी उतरंड उभी असते. तिथे मी वर्ण वर्णच ठेवते, थोडं परकं वाटलं तरी चालेल. कथा जातीविषयीच असेल तर गोष्ट वेगळी. मग तो शब्द झाकणं हाच खोटेपणा.

इंग्रजीतही वजन असंच सरकलं आहे. १९१४ मध्ये लंडनच्या रंगमंचावर बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकात नायिका एलायझा ‘ब्लडी’ म्हणाली त्यावर केवढा गहजब! १९६५ मध्ये समीक्षक केनेथ टायनन बीबीसीवर थेट कार्यक्रमात फ-काराचा शब्द बोलला, तर संसदेत ठराव मांडले गेले. आज तो शब्द तिथे रात्रीच्या मालिकांत मीठ घालावं तसा पडतो, आणि वंशावरचा एक शब्द तोंडातून गेला तर नोकरी जाते. देह स्वस्त झाला, जन्म महाग झाला.

पुण्या-मुंबईतली कॉलेजची मुलं वडिलांसमोर तोच फ-काराचा इंग्रजी शब्द सहज बोलतात, मराठी प्रतिशब्द मात्र मित्रांतही दबक्या आवाजात. यात ढोंग नाही. बोस्टन विद्यापीठाच्या कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तुर्की मातृभाषेच्या आणि नंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांच्या त्वचेवरचे बदल मोजले. निषिद्ध शब्दांना, आणि विशेषतः लहानपणी ऐकलेल्या दटावण्यांना, मातृभाषेत अंगाची प्रतिक्रिया जास्त जोरात आली. ज्या शब्दासाठी आपण कधी थोबाडीत खाल्ली नाही, तो शब्द आपल्याला शिवी म्हणून पुरता कळत नाही. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठाच्या रिचर्ड स्टीव्हन्स यांचा प्रयोगही इथे आठवतो. बर्फगार पाण्यात हात धरलेली माणसं शिवी घोकताना जास्त वेळ कळ सोसतात, हे त्यांनी २००९ मध्ये दाखवलं. नंतर २०२० मध्ये त्यांनी मुद्दाम घडवलेले दोन नवे, शिवीसारखे वाजणारे शब्द लोकांना दिले. त्या शब्दांनी कळ कमी झाली नाही. नुसता आवाज पुरत नाही. तो शब्द उच्चारू नये अशी आधी कोणीतरी ताकीद दिलेली असावी लागते.

यातच ‘सर्वांत घाण शिव्या कोणत्या भाषेत’ याचं उत्तर आलं. तुमची जी मातृभाषा, तिच्यात.

राहिलं ओटीटीचं. मराठी शिवी ओटीटीच्या आधी आठशे वर्षं तरी दगडात कोरलेली आहे. परळला सापडलेला शिलाहार राजा अपरादित्याचा ११८७ चा शिलालेख मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. दानाचा मजकूर संस्कृतात, आणि दान मोडणाऱ्याच्या आईचं गाढवाशी काय होईल ते मात्र सर्वांना कळावं म्हणून मराठीत. खाली चित्रही कोरलेलं, म्हणजे अक्षरओळख नसलेल्यानेही धाक घ्यावा. अशा दगडांना ‘गधेगळ’ म्हणतात आणि कोकणात ते जागोजागी आढळतात. ही राजाने अधिकृतपणे दिलेली शिवी. वर सूर्य-चंद्र, म्हणजे मुदत कायमची.

आणि सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यातली सुखेड आणि बोरी ही गावं घ्या. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि वाद्यांच्या गजरात, हातवारे करत एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. याला ‘बोरीचा बार’ म्हणतात. मध्ये पोलीस उभे असतात, कारण उत्साहाच्या भरात ओढा ओलांडला जाऊ नये. शिमग्याची बोंब मुख्यतः पुरुषांची, हा दिवस बायकांचा. संपल्यावर त्या घरी जातात. एरवी ज्या तोंडांनी चकार शब्द काढायचा नाही, त्यांना तो दिवस मोकळा.

शेवटी, परभाषा शिकणाऱ्यांनी शिव्या शिकाव्यात का? कळण्यापुरत्या जरूर शिका, नाहीतर चित्रपट, फुटबॉल आणि अर्धी बाजारपेठ कळणार नाही. बोलण्याची घाई करू नका. इंटरनेटवरच्या याद्यांत अर्थ असतात, कोण कोणाला म्हणतो ते नसतं. परक्या उच्चारातली शिवी एक तर विनोदी वाटते किंवा गरजेपेक्षा फार जोरात लागते, आणि दोन्ही वेळा तुम्हाला हवं ते होत नाही. नेदरलँड्समध्ये नोकरीला जाणाऱ्यांना मी विशेष सांगते: तिथली पोरं कर्करोगाचा शब्द ‘लई भारी’सारखा नुसता जोर द्यायला वापरताना ऐकू येतील, पण ज्यांच्या घरात तो आजार येऊन गेला आहे अशा अनेकांना तो सहन होत नाही. ऑफिसात तो वापरू नका. पावसात सायकल पंक्चर झाली तर ‘फरडोम्मे’ म्हणा. मुळात ती ‘देव मला नरकात टाको’ अशी हाक आहे, पण आता जुनी आणि बरीच गुळगुळीत झाली आहे, आणि फार धार्मिक मंडळी सोडली तर कोणी मान वळवून बघणार नाही.